पावसाळ्यात तबेल्याचा वास, सडके खूर, खोकला: बिछाना बदलूनही त्रास परत का येतो?

जूनमध्ये भाताचा पेंढा काढून लाकडाचा भुसा टाकायचा, ऑगस्टमध्ये भुशाला कंटाळून तूस आणायचं आणि दसऱ्याला पुन्हा पेंढ्यावर यायचं. लग्नाची घोडी असो, टांग्याचं घोडं असो की सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेलं मारवाडी शिंगरू, नाशिक-देवळालीपासून इगतपुरी-त्र्यंबकपर्यंत अनेक तबेल्यांत हे चक्र दर वर्षी फिरतं. माल बदलतो, त्रास तोच राहतो. बिछाना निवडणं हा या कामाचा दुसरा टप्पा आहे आणि पहिला टप्पा बहुतेक जण गाळतात. तो म्हणजे बिछान्याखालची जमीन.

आधी तक्रार नेमकी ओळखा

"तबेला खराब झालाय" एवढ्यावरून माल निवडता येत नाही. वेगवेगळ्या त्रासांना वेगवेगळा माल लागतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याचं दुखणं वाढवू शकतो.

वासाची तक्रार असेल तर पहाटे दार उघडण्याआधी आत जा, गुडघ्यावर बसा आणि नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर न्या. घोडा झोपतो आणि खाली सांडलेला चारा टिपतो तो याच उंचीवर. उभ्या माणसाच्या नाकाला अमोनिया जाणवेपर्यंत खाली त्याचं प्रमाण बरंच वाढलेलं असतं. कारखान्यातल्या कामगारांसाठी दिवसभराची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) धरतात. डोळे चुरचुरू लागले की तुम्ही त्या आकड्याच्या आसपास किंवा वर आहात असं समजा.

खूर उकरताना तळाच्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचांतून काळा, चिकट, कुजक्या वासाचा मळ निघत असेल तर दोष ओलीचा आहे. काम सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घोडं खोकतं आणि नंतर थांबतं, तर संशय धुळीवर आणि बुरशीवर घ्या. कोपरावर किंवा मागच्या पायाच्या सांध्यावर केस झडून चट्टे पडले असतील तर बिछाना पातळ आहे. आणि लीद कमी, कोरडी, बारीक गोळ्यांची होत असेल तर घोडं बिछानाच खात असण्याची शक्यता आहे.

खोकला आणि सडका खूर एकाच वेळी असतील तर आधी ओल आवरा. ओल गेली की बुरशीही बरीच कमी होते.

बिछान्याखाली काय आहे?

सगळा माल बाहेर काढा, फरशी झाडून घ्या आणि मधोमध एक बादली पाणी ओता. दहा मिनिटांनी जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने गोल काढा. त्या डबक्यात नाणं आडवं ठेवल्यावर पूर्ण बुडत असेल तर जगातला कुठलाही बिछाना तिथे कोरडा राहणार नाही. १२ फूट लांबीच्या ठाणाला, म्हणजे एका घोड्याच्या जागेला, नालीच्या दिशेने सुमारे २ इंच उतार पुरतो. त्याहून फार जास्त दिला तर घोडं सतत तिरकं उभं राहतं.

शहाबादी फरशीत दगड सहसा दोषी नसतो, सांधे असतात. मूत सांध्यांतून खाली जातं, तिथेच कुजतं आणि वरचा बिछाना कितीही नवा असला तरी वास खालून येत राहतो. सांधे इंचभर खरवडा, धुवा, वाळू द्या. मग १ भाग सिमेंट, ३ भाग वाळूचा माल भरा आणि सात दिवस पाणी मारा. तोवर घोडं दुसरीकडे बांधा.

मुरमाची जमीन घोड्याच्या पायांना चांगली, पण ती एकाच जागी खचते. नर घोडा ठाणाच्या मधोमध मुततो, घोडी मागच्या भिंतीकडे, त्यामुळे खड्डाही त्याच जागी पडतो. काळी, बुळबुळीत, वासाची माती कोरडी जमीन लागेपर्यंत काढा. फूटभर खोल खड्डा झाला असेल तर तळाला ४ इंच ४० मिलिमीटरची खडी, वर ३ इंच २० मिलिमीटरची आणि उरलेल्या जागेत मुरूम घाला. मुरूम थरांत टाकून किंचित ओला करा आणि धुम्मसने ठोका. शेतातली काळी माती भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. हे काम मे महिन्यातलं. जुलैत अडलात तर खराब माती काढून खडी भरा आणि वर रबरी मॅट टाकून चार महिने निभवा.

मॅटबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: मॅट टाकली की बिछाना लागत नाही. पाऊण इंची मॅट पायांना मऊ असते, पण ती थेंबभरही शोषत नाही. शिवाय मूत पायांवर उडतं म्हणून काही घोडी नुसत्या मॅटवर मुतायचं टाळतात, तासन्‌तास तुंबवून धरतात. ओल्या जागेवर तरी २ ते ३ इंच माल हवाच. आणि महिन्यातून एकदा मॅट उचलून खालून धुवा, कारण सांध्यांतून खाली उतरलेलं मूत वरून दिसत नाही.

हिशेब: दर वर्षी चुकतो तो इथे

मोठ्या घोड्याचं दिवसाचं मूत साधारण ५ ते १० लिटर. सगळं ठाणावर पडतं असं धरून १० लिटर घ्या. लाकडाची सालपं, म्हणजे रंधा मारताना निघणाऱ्या पातळ चकत्या, स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरतात, म्हणजे रोज ५ किलो माल पूर्ण ओला होणार. धान्याच्या ५० किलोच्या गोणीत न दाबता भरलेली सालपं ६ ते ७ किलो बसतात. याचा अर्थ ओलं काढून रोज जवळपास एक गोणी नवी पडली पाहिजे. आठवड्याला दोन गोण्या टाकून "सालपं चालत नाहीत" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

कुठला माल किती पाणी धरतो हे घरीच मोजता येतं आणि मोजावंच. कांद्याच्या जाळीदार गोणीला आतून जुनी मलमल लावा, तिचं ओलं वजन आधी करून ठेवा. प्रत्येक मालाचा अर्धा किलो कोरडा नमुना भरून २४ तास पाण्यात बुडवा, अर्धा तास टांगून निथळू द्या, पुन्हा वजन करा. मग भाव किलोवर तोलू नका. किलोचा भाव भागिले तो माल कितीपट पाणी धरतो, हा आकडा काढा. स्वस्त वाटलेलं तूस या गणितात अनेकदा महाग पडतं.

नाशिकात मिळणारा माल

भाताचा पेंढा इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागातून येतो. लांब काडीचा, उबदार, घोड्याला आवडणारा. अडचण वेळेची आहे. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही माळ्यावरून जो पेंढा काढता तो नऊ-दहा महिन्यांचा झालेला असतो आणि दोन महिने पावसाळी हवा प्यायलेला असतो. पेंढी फोडल्यावर राखाडी धूर उडाला किंवा कुबट वास आला तर तो पेंढा घोड्याखाली घालू नका, खायलाही घालू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र पेंढ्याला तोड नाही, निफाडकडच्या थंडीत तर मुळीच नाही. परदेशी लेखांत गव्हाच्या लांब काडाची फार स्तुती असते. आपल्याकडे मळणीयंत्रातून गव्हाचा बारीक भुसा होऊन येतो, त्यामुळे तो सल्ला इथे लागू पडत नाही. हा भुसा उडतो, आणि घोडं भूक नसतानाही खातं. कोरडा भुसा पोटभर खाऊन वर पाणी कमी प्यालं की आतडं तुंबतं.

रंध्याची सालपं ही पावसाळ्यातली आमची पहिली पसंती, पण ती कुठून आणता यावर सगळं अवलंबून आहे. अंबड-सातपूरमध्ये लाकडी पॅलेट आणि खोकी बनवणाऱ्यांकडे पाइनची स्वच्छ सालपं मिळू शकतात. पाठवण्याच्या खोक्यावरचा शिक्का बघा: "एचटी" म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं नको. फर्निचरच्या दुकानातला फुकट भुसा तर नकोच नको. त्यात प्लायवूड, एमडीएफ, सनमायका आणि फेविकॉलची पूड मिसळलेली असते. सागवान आणि शिसवीची बारीक पूड कातडीला आणि नाकाला झोंबते. करवतीखालचा पिठासारखा भुसाही टाळा. तो धूळ करतो, खुरात घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो. माल ठाणात ओतण्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून त्यातून फिरवा. खिळे निघतात.

काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, नर्सऱ्या आणि पॉलिहाउसमुळे नाशिकात सहज मिळतो. स्वतःच्या वजनाच्या ६ ते ८ पट पाणी धरणारा इतका सोपा माल दुसरा नाही, म्हणून वासाच्या तक्रारीवर तो सगळ्यात चालतो. मात्र रोपांसाठी फुलवतात तसा फुलवू नका. तेव्हा कोकोपीटच्या ५ किलोच्या दाबलेल्या विटेला २० लिटरच्या वर पाणी देतात, आणि असा भिजलेला कोकोपीट आणखी मूत काय पिणार? वीट फोडा, ५ ते ६ लिटर पाणी शिंपडून मोकळी करा आणि दिवसभर उन्हात पसरा. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन लगेच सुटला की झालं. पावसात ऊन मिळत नसेल तर मेमध्येच फोडून, वाळवून पोत्यांत भरून ठेवा. घेताना धुतलेला, कमी क्षाराचा मागा. न धुतलेल्यात मीठ असतं आणि घोडं चाटत बसतं. कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया केलेला घेऊ नका. पॉलिहाउसमधून निघालेला वापरलेला तर अजिबात नको, त्यात बुरशीनाशकं असतात. रंग गडद असल्यामुळे ओली जागा पटकन दिसत नाही, ती हाताने चाचपावी लागते. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, हे नीट दाखवून द्या, नाहीतर आठवडाभर कोणी काही काढत नाही.

भाताचं तूस घोटीच्या गिरण्यांमुळे स्वस्त आहे. पाणी कमी धरतं, टोकं डोळ्यांत जातात, नाकपुडीने उडवून घोडं मधली जागा उघडी करतं. पर्यायच नसेल तर चाळून, खालच्या थरात.

उसाची चिपाडं उन्हाळ्यात रसवंतीवाल्यांकडे ढिगाने असतात. दोन दिवसांत कडक वाळवता आली तरच घ्या. अंगात साखर असल्याने ती आंबतात, माश्या बोलावतात, ढिगात तापतात. बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ माणसाच्या फुफ्फुसांनाही आजार करते, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. पाचटाच्या कडा चिरतात.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या धुळीच्या खोकल्यावर उत्तम. पिंपळगाव-ओझरकडच्या पॅकहाउसमधला रद्दी माल घेत असाल तर द्राक्षाच्या पेटीत ठेवतात ती ग्रेप गार्डची पानं त्यात आलेली नाहीत ना, हे आधी बघा. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. पिना आणि चिकटपट्टीही काढलेली हवी.

वाळू नको, जमिनीवरचा चारा खाताना पोटात जाते आणि साचते. शेंगदाण्याची टरफलं नकोत, बुरशीचं घर.

आणि एक गोष्ट जिवावरची: कोंबड्यांच्या शेडमधून निघालेलं लिटर (कोंबड्यांखालचा विष्ठा मिसळलेला बिछाना) किंवा कोंबडीखाद्याची रिकामी पोती घोड्याच्या आसपासही आणू नका. ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं असतात. मोनेन्सिन घोड्याला शरीराच्या दर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम इतकं थोडं पोटात गेलं तरी मारक ठरतं. तूस कोणत्या पोत्यातून आलंय हे विचारायला लाजू नका.

पावसाळ्याची मांडणी

१२ बाय १२ फुटांच्या ठाणाला ४ इंच जाडीचा बिछाना म्हणजे ४८ घनफूट, सालपांनी भरलेल्या धान्याच्या ५० किलोच्या मापाच्या सुमारे २० गोण्या. खाली मॅट असेल तर १० ते १२ पुरतात. मिश्र मांडणी सगळ्यात परवडते: मुताच्या जागी ४ बाय ४ फुटांच्या चौकोनात ३ इंच कोकोपीट, आणि वर सगळीकडे सालपं. त्या चौकोनाला कोकोपीट सुमारे ११० लिटर लागतो. पूर्ण भिजवलेली ५ किलोची वीट ७० लिटरच्या आसपास होते, आपण कमी भिजवतो म्हणून दोन विटा धरा, तिसरी हाताशी ठेवा. घोडी असेल तर चौकोन मागे सरकवा. भिंतींच्या कडेने बिछाना फूटभर उंच चढवला की वाऱ्याचा झोत अडतो आणि लोळताना पाय भिंतीला अडकत नाहीत.

जाडी पुरेशी आहे का, हे गुडघा टेकवून बघा. फरशी टोचली तर कमी आहे.

लीद सकाळ-संध्याकाळ उचला. ओला भाग रोज सकाळी काढा, फक्त ओला. कोरडा माल कडेला सारून अर्धा तास जमीन उघडी राहू द्या. हा अर्धा तास सगळे खातात आणि तिथेच वास परततो. आठवड्यातून एकदा ठाण पूर्ण रिकामं करा. हिवाळ्यात खालचा थर न हलवता वर पेंढा वाढवत नेण्याची पद्धत चालते. जुलैत तीच पद्धत तबेल्याचा उकिरडा करते.

नवा माल टाकताना घोड्याला आधी पोटभर चारा द्या. खाण्याची खोड असेल तर पहिले दोन-तीन दिवस देखरेखीखाली मुसकं बांधा, पाणी पिण्यापुरती भोकं ठेवून. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते ७ किलो कोरडा चारा मिळत नसेल तर ते बिछाना खाणारच, त्यात त्याचा काय दोष?

चुना, ब्लीचिंग आणि मोरचूद

ओल्या जागेवर चुना भुरभुरण्याची सवय जुनी आहे आणि उलटी आहे. चुन्याने जागा अल्कधर्मी होते, त्यामुळे मुतातला अमोनिया धरून राहण्याऐवजी वायू होऊन बाहेर पडतो. दोन तास वास भडकतो, मग कमी होतो, आणि लोकांना वाटतं चुन्याने काम केलं. ओल्या खुराला तो भाजतो तो वेगळाच. चुना वापरायचा तर रिकाम्या ठाणात, धुऊन वाळल्यावर, घोडं दिवसभर बाहेर असताना. ब्लीचिंग पावडर मुतावर टाकलीत तर क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. ती आधी भरपूर पाण्याने धुतलेल्या जागेवरच.

वास धरून ठेवायला झिओलाइट हे सच्छिद्र खनिज चांगलं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड चमकतात त्या स्फटिकांचाच हा भाऊबंद, फक्त देखणा नाही. मत्स्यतळ्यांसाठी विकला जाणारा दाणेदार घ्या, पूड नको. आठवड्याच्या सफाईनंतर ओल्या जागेवर किलो-दीड किलो, वर बिछाना.

द्राक्षबागेच्या पिंपातलं मोरचूद खुरावर ओतायचा मोह टाळा. कडक द्रावणाने आतली निरोगी त्वचाही जळते. खूर रोज उकरा, कोरडे ठेवा, सडलेलं नालबंदाकडून काढून घ्या, औषध पशुवैद्यांनी सांगितलेलं.

एवढं करूनही त्रास राहिला तर

ताडपत्री बघा. झड आत येऊ नये म्हणून चारी बाजू बंद केल्या असतील तर अमोनिया जाणार कुठे? पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. ती बाजू झाका, पूर्व उघडी ठेवा आणि पत्र्याखाली सगळीकडून दीड फुटाची फट राहू द्या.

खुराक बघा. लसूण घास, हरभरा आणि शेंगदाणा पेंड तिन्ही सढळ हाताने चालू असतील तर जादा प्रथिनांचा युरिया मुतातच उतरतो. वासाची सुरुवात तिथून होते.

खोकला जात नसेल तर शेजारचं ठाण बघा. एका घोड्याखाली पुठ्ठा आणि पलीकडच्याखाली जुना पेंढा असेल तर हवा दोघांची एकच. डोक्यावरचा चाऱ्याचा माळाही तसाच. झाडू मारताना घोडं बाहेर काढा, चारा अर्धा तास भिजवून द्या आणि तीन आठवडे तरी वाट बघा. चार दिवसांत निकाल लावू नका.

शेवटी खताचा प्रश्न, कारण काढलेला माल उचलला गेला नाही तर तोच तबेल्यामागे माश्यांची पैदास करतो. पेंढा आणि कोकोपीटचं खत द्राक्षवाले आनंदाने नेतात. सालपांचं नेताना कां-कूं करतात आणि त्यांचं बरोबर आहे: कच्चं लाकूड कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं. सालपांचा ढीग वेगळा लावा, त्यात शेणकाला मिसळा, ओल टिकवा, महिन्यातून एकदा पलटी मारा. ऑगस्टपर्यंत लावलेला ढीग द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या सुमाराला बहुधा देण्याजोगा होतो. आत हात घातल्यावर गरम लागत असेल तर अजून थांबा.